सातथरीच्या विहिरीखालची म्हातारी

एकदा काय झालं, एका गावच्या विहिरीनं श्वास घेतला.

हसू नका. खरंच घेतला. भर दुपारी पाणी वर आलं, पायरीला लागलं, परत खाली गेलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. वारा नव्हता, कुणी बादली टाकली नव्हती. काठावर एक कावळा बसला होता, त्यानं ते पाहिलं आणि तो जो उडाला तो पुन्हा त्या गावात फिरकलाच नाही. हे मला कुणी सांगितलं म्हणून विचाराल, तर कावळ्यानंच सांगितलं.

त्या गावाचं नाव सातथरी. घरं मोठी मजबूत दिसायची. भिंती दगडाच्या, चार-चार हात रुंद, पण दगडांच्या मधे नुसता चिखल. वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी त्या माळवदावर मातीचा नवा थर टाकायचा. जुना काढायचा नाही बरं का. आज्यानं टाकलेल्यावर बापानं, बापानं टाकलेल्यावर मुलानं. ज्याच्या घरावर माती जास्त, त्याचा मान जास्त. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की आधी शिडी मागायचे. माळवदावर चढायचे, लांब सळई मातीत खुपसायचे आणि वरूनच ओरडायचे, "तीन हात!" किंवा "साडेचार!" मुलाला अक्कल किती, ते नंतर बघत. बघतच असं नाही.

सगळ्यांत जड घर पाटलांचं. सात हात माती! सात हात म्हणजे किती? तुमच्या आईला उभं केलं आणि तिच्या खांद्यावर या निमीला उभं केलं, तरी निमीची शेंडी मातीतच राहील.

आणि गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, धुरपदा राहायची. ती विहिरी खोदायची. नवरा शेटिबा वर दोर धरून बसायचा आणि धुरपदा खाली उतरायची. कारण शेटिबाला खालच्या अंधाराची भीती वाटायची, आणि धुरपदाला वर बसून शेटिबाची बडबड ऐकण्याची. त्यांच्या घरावर माती नव्हतीच. उसाच्या पाचटाचं छप्पर. एक विहीर झाली की छप्पर उचलायचं, दुसऱ्या गावाला जायचं.

त्यांना एकच लेक, अनसा. ती पडली पाटलांच्या घरात. कशी? पाटलाच्या मुलानं सळई खुपसायच्या आधीच होकार देऊन टाकला. पाटलीणबाई तेव्हापासून ज्या चिडल्या होत्या त्या चिडल्याच होत्या.

मग अनसाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. धुरपदा लेकीला न्यायला गेली. पाटलीणबाई दारात आडव्या.

"कुठं नेता हो विहीणबाई?"

"घरी. आणखी कुठं?"

"घर? त्याला घर म्हणता? सळई खुपसली तर आरपार जाऊन चुलीतली भाकरी टोचेल! आमचं नातवंड काय चिमणी आहे, काडीकचऱ्यात जन्माला यायला?"

नाहीच पाठवलं. अनसा बाळंत झाली ती पाटलांच्या घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत. तिला खिडकी नाही. एकच दार, तेही वाकून जायचं. आणि त्या खोलीवर सगळी सातच्या सात हात माती. मुलगी झाली. गोरीपान, डोळे मिटलेली. ज्या दुपारी ती झाली, त्याच दुपारी विहिरीनं श्वास घेतला.

बाळाला अंघोळ घालायला धुरपदा रोज सकाळी त्या खोलीत जायची. बाळाला पायांवर आडवं घेऊन बसलेली असताना, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, खालून टक् झालं. जणू जमिनीच्या आतून कुणी दार वाजवलं.

आता धुरपदाला एक सवय होती. विहिरीत खडा टाकायचा, आणि तो पाण्यावर वाजेपर्यंत मोजायचं. कुठंही काही वाजलं की ती मनात मोजायला लागायची. तशी ती मोजायला लागली. एक, दोन, तीन... दहा म्हणाली, आणि जमीन डुलली. जरासंच, पाळण्याला बोट लावावं तशी. तांब्या भिंतीला लागून किणकिणला. वरून पांढरी माती भुरभुर पडली, बाळाच्या भुवयांवर बसली.

गावानं काय केलं सांगा बरं? गाव म्हणालं, "माती गळली, म्हणजे माळवद पातळ झालं." सगळे टोपल्या घेऊन वर चढले आणि सगळ्यांनी एकेक थर टाकला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. पुन्हा धुरपदानं मोजलं. पुन्हा बरोब्बर दहा, आणि डुलणं. माळवदाला भेगा पडल्या. गावानं भेगा बुजवल्या आणि वर आणखी एक थर टाकला.

चौथ्या दिवशी पुन्हा. टक्, दहा, डुलणं. पुन्हा थर. पाटलांच्या घरावर आता आठ हात माती झाली, आणि पाटलीणबाई अंगणात उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "आता कसं भक्कम वाटतंय."

आत अनसा बाजेवर पडली होती. ती हळूच म्हणाली, "आई, वर कुणीतरी दात खातंय गं."

धुरपदानं कान दिला. तुळया होत्या त्या. ओझ्याखाली लाकूड लाकडावर घासत होतं. कर्र. थांबायचं. कर्र. झोपेत दात खावेत तसं.

तिनं बाळाकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि ती उठली. म्हणाली, "दार कोण वाजवतंय ते विचारून येते."

मग ती विहिरीवर गेली. कमरेला दोर बांधला.

"किती सोडू?" शेटिबानं विचारलं.

"संपेल तितका."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर तंबाखू मळ."

ती उतरली. वर आभाळाचं परातीएवढं तोंड राहिलं, मग वाटीएवढं, मग बुंदीएवढं. तळाला पाय लागला तर पाणी नव्हतं. सगळं पाणी एका भेगेतून आत गेलं होतं. त्या भेगेतून वारा येत होता. गरम. आत जाणारा, बाहेर येणारा. धुरपदानं दोर सोडला आणि ती आडवी होऊन भेगेत शिरली.

ए निमे, पांघरुणातून तोंड बाहेर काढ. मी आहे ना इथे.

आधी लागला काळा खडक. थरावर थर, भाकऱ्यांची चळत रचावी तसा. फार फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आतून तापलेला रस वर आला, पसरला, निवला. मग पुन्हा आला, पुन्हा निवला. त्या चळतीवर आपण राहतो. त्याखाली लागला करडा खडक, काळ्याच्याही पणजोबाच्या वयाचा. आणि जितकं खाली जावं तितकं गरम. धुरपदा भाजली कशी नाही? अरे, तिनं डोक्यावर ओला पदर घेतला होता. ओल्या पदरानं सगळं होतं. मधे बोलू नका.

मग त्या करड्या खडकात तिला एक म्हातारी दिसली.

दोन डोंगराएवढे खडक समोरासमोर टेकलेले. मधल्या फटीत ती म्हातारी. पाठ एकाला लावलेली, पाय दुसऱ्याला रोवलेले, आणि दोन्ही हातांनी वरचा दगड धरलेला. अंग दगडाच्या रंगाचं. डोळे नव्हतेच. अंधारात डोळे काय करायचे? ती बोलली तेव्हा आवाज कानाला नाही, धुरपदाच्या तळपायांना ऐकू आला.

"कोण गं तू, उबदार पायांची?"

"मी धुरपदा. वर दार तू वाजवतेस का? वाजवू नकोस. माझी लेक ओली बाळंतीण आहे."

"मी वाजवत नाही बाई. मी धरून बसलेय. या एकाला जायचंय इकडे आणि त्या दुसऱ्याला तिकडे. मी मधे असेपर्यंत जाता येत नाही त्यांना. म्हणून ते वाकतात."

"खडक कुठं वाकतो का?"

"वाकतो. बांबू वाकतो तसा, पण इतका थोडा की कुणाला दिसू नये. हजारो वर्षं वाकत राहतो. मग कधीतरी माझा हात सुटतो आणि तो सळ्ळकन सरळ होतो. परवा माझी करंगळी सुटली. काल शेजारचं बोट. आज मधलं."

धुरपदानं पाहिलं. म्हातारीच्या उजव्या हाताची तीन बोटं लोंबत होती. दोन तेवढी दगडाला लागलेली.

"बाकीची कधी सुटणार?"

"मला काय ठाऊक! कदाचित अजून शंभर वर्षं धरेन. कदाचित तू वर पोचायच्या आत सोडेन. हे कुणालाच ठाऊक नसतं. जो सांगतो ठाऊक आहे, तो थापाड्या."

"मग रेटणाऱ्याला सांग ना, रेटू नकोस म्हणून!"

"रेटणारा माझ्या खाली आहे. जा, तूच सांग."

मग धुरपदा आणखी खाली गेली.

तुम्हाला वाटत असेल, खाली लालभडक रस्सा खदखदतोय. मलाही तसंच वाटायचं. पण तसं नाही बरं का. तिथे होता दगडच, घट्ट दगड. निखाऱ्यासारखा आतून उजळलेला, आणि तरीही सरकणारा. किती हळू? वर्षभरात आपलं नख वाढतं, साधारण तितका. आणि त्याच्या पाठीवर वरची सगळी जमीन बसलेली. डोंगर, नद्या, सातथरी, ही आपली खाट, सगळं त्याच्या पाठीवर बसून नखानखानं उत्तरेला चाललंय, आणि तिथल्या बर्फाच्या डोंगरांना ढुशी देतंय. कुणाला कळतही नाही. कुशीवर वळताना तुम्हीसुद्धा त्याच्यावरच वळता.

धुरपदानं त्या दगडाला हाक मारली. "सरकू नकोस रे बाबा. वर माझी नात चार दिवसांची आहे."

मग त्या उजेडात कुठूनतरी जाड, संथ आवाज आला. एकेक अक्षर यायला इतका वेळ लागला की मधे धुरपदाची एक डुलकी झाली.

"मी... खालून... तापतो. तापलेला... वर येतो. वर निवतो... तो खाली जातो. खाली... विचार."

मग ती आणखी खाली गेली. आणखी. लाल उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा झाला. आणि समोर समुद्र लागला. पाण्याचा नाही. लोखंडाचा. वितळलेलं लोखंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाट वळत होती, आणि आवाज नव्हता. एवढा मोठा समुद्र, आणि आपल्याच छातीतली धडधड ऐकू यावी इतका मुका.

किनाऱ्यावर एक पोर उभी होती. धुरपदाकडे पाठ. उभ्या उभ्या डावीकडे, उजवीकडे डुलत होती.

"तू कोण गं?"

पोरीनं मान वळवली. चेहरा गोड होता. तेच तर भयंकर होतं.

"म्हातारीचा हात सुटला की आम्ही दोघी बहिणी निघतो. एकदमच निघतो. ताई ढकलत ढकलत सरळ जाते, ती चपळ. मी अशी डुलत डुलत जाते, मागून पोचते. ताईला हा समुद्रही ओलांडता येतो. मला पातळात पाऊलच टाकता येत नाही. मी इथपर्यंतच."

"म्हणजे ते टक् तुझ्या ताईचं?"

"हो. ताई नुसतं दार वाजवते." पोरगी लाजली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "घरं पाडते ती मी."

धुरपदा दोन पावलं मागं सरली. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली. दोघी एकदम निघतात. थोरली आधी पोचते. सातथरीत दोघींच्या मधे दहा अंक.

समुद्राच्या पार मधे एक गोळा होता. तोही लोखंडाचा, पण घट्ट. एवढ्या आगीत घट्ट कसा? तर वरून अख्ख्या पृथ्वीचं ओझं त्याच्यावर. त्याला वितळायला जागाच उरली नाही. धुरपदानं किनाऱ्यावरून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "अहो! तुम्ही तरी थांबा!"

उत्तर आलं ते अगदी साधं, दमलेल्या माणसासारखं.

"मी काही करत नाही बाई. मी निवतोय. पृथ्वी जन्मली तेव्हा तापलेली होती, अजून निवतेय. निवताना ऊब वर जाते, बस. तू भाताचं भांडं चुलीवरून उतरवतेस, त्याला सांगतेस का, वाफ सोडू नकोस म्हणून?"

धुरपदानं हात खाली घेतले. तिच्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. दोष द्यावा असं खाली कुणी नव्हतंच. ती परत फिरली.

म्हातारीपाशी आली तेव्हा म्हणाली, "दमली असशील. एक श्वासभर मी धरते."

तिनं खांदा लावला. एकच श्वास. त्या एका श्वासात तिच्या खांद्यावर काय काय आलं म्हणता! डोंगर आले, गावं आली, देवळं आली, समुद्राचा तळ आला. मग म्हातारीनं पुन्हा पाठ लावली.

"ऐक," म्हातारी म्हणाली. "हात सुटला तर जमीन हलेल. ते माझ्याच्यानं थांबायचं नाही. पण डोक्यावर काय ठेवून झोपायचं, ते तर तुमच्या हातात आहे ना?"

धुरपदा वर आली. तिला वाटलं तीन वर्षं गेली. शेटिबा तिथेच बसलेला.

"एवढ्यात? अजून चुनासुद्धा लावला नाही मी." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातली तंबाखू सांडली. "धुरपदे, चुना तुझ्या डोक्यावर कसा गं?"

तिचे सगळे केस पांढरे झाले होते.

ती थेट पाटलांच्या घरी गेली. म्हणाली, "माळवद उतरवा. खाली म्हातारीच्या उजव्या हाताची दोनच बोटं राहिलीत." पाटील हसले. पाटलीणबाई पोट धरून हसल्या. "विहीणबाई, तुमच्या छपरावर माती नाही म्हणून आमची उतरवता होय?" गावभर फिरली, गावभर हसू झालं. शेवटी लोक म्हणाले, विहिरीतला वारा डोक्यात गेला बाईच्या. केसच बघा की.

आता खोटं बोलू नये, हे तुम्हाला मी रोज सांगते. उद्याही सांगेन. पण धुरपदा सहाव्या दिवशी सकाळी एक मडकं घेऊन पाटलांच्या अंगणात आली. मडक्यात विहिरीच्या तळची काळी, ओली, चमचम करणारी माती होती.

"काय ते?" पाटलीणबाई.

"काही नाही. पाताळातली माती. तुम्हाला नको असेल. पलीकडच्या गावच्या पाटलांना देते."

"थांबा! काय होतं हिनं?"

"बोटभर लावली की सात हातांचं काम करते. राजांच्या वाड्यांवर असते म्हणतात. पण हिला उष्टं चालत नाही. खाली जुनी माती असेल तर ही तिच्यावर टिकत नाही. आधी सगळी जुनी उतरवावी लागते. तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते. जाऊ द्या."

झालं! पाटलीणबाईंनी पदर खोचला. दुपारपर्यंत पाटलांच्या माळवदावर वीस माणसं कुदळी घेऊन. पाटलांचं बघून कुलकर्ण्यांनी, कुलकर्ण्यांचं बघून सुतारांनी, असं करत सगळं गाव माळवदावर चढलं. पाच दिवस टोपल्या खाली येत होत्या. गल्ल्यांमधे मातीचे ढीग लागले. धुरपदा दारोदार जाऊन बोटभर चिखल वाटत होती आणि शेटिबा मडकी भरून भरून कंटाळला होता. आत धूळ नको म्हणून अनसा आणि बाळ तेवढे दिवस ओढ्यापलीकडच्या छपरात आली. पाच रात्री धुरपदा शांत झोपली.

पण एक खोली राहिली. कुठली, ते ओळखलंत तुम्ही.

"तिला हात लावायचा नाही," पाटलीणबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्या त्या खोलीत जन्मल्या. आणि बारसंही तिथंच व्हायचं."

"विहीणबाई, पाया पडते. बारसं अंगणात करा."

"अंगणात काय कोंबडीचं बारसं आहे?"

बारावा दिवस उजाडला. पाटलीणबाई वाजतगाजत आल्या आणि अनसाला आणि बाळाला घेऊन गेल्या. आतल्या खोलीत पाळणा टांगला. वर आठ हात माती. गावातल्या सगळ्या बायका त्या खोलीत दाटल्या, गुडघ्याला गुडघा लावून. पाळण्याच्या या बाजूला अनसा, त्या बाजूला पाटलीणबाई. कुणीतरी गाणं धरलं. बायकांनी बाळाला पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायला सुरुवात केली.

धुरपदा दारात बसली होती. पाऊल उंबऱ्याबाहेर, हात उंबऱ्यावर. कुणी म्हणालं, "आत या की आजीबाई!" ती हलली नाही. आज येईल, उद्या येईल, की शंभर वर्षांनी? तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती बसली होती.

वर तुळई म्हणाली, कर्र.

आणि खालून टक् झालं.

आधीच्या तिन्हीपेक्षा मोठं. बसल्या जागी सगळ्यांना खालून धक्का बसला. बांगड्या वाजल्या. गाणं मधेच थांबलं, आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

एक.

"बाहेर पळा!" म्हणून ओरडावं, तर कोण ऐकणार? आठच दिवसांपूर्वी तिला हसलेल्या बायका त्या. विचारत बसल्या असत्या, का म्हणून?

दोन. धुरपदा उठली.

तीन. तिनं झडप घातली आणि कुणाच्या तरी हातातून बाळ ओढून घेतलं.

चार. बाळाला छातीशी धरून ती दारातून वाकून पळाली.

"अगं बाई! बाळ पळवलं!"

पाच. अनसा ओरडत तिच्यामागे. अनसामागे मावशी, मावशीमागे आत्या. धरा! धरा म्हातारीला! वेड लागलंय तिला!

सहा. सगळ्या खोलीभर बायका एका छोट्या दारातून, वाकून, एकमेकींच्या साड्यांवर पाय देत बाहेर.

सात. पाटलीणबाई सगळ्यांत मागे, रागानं लाल, हातात कुंकवाचा करंडा तसाच. "सोडणार नाही! आज सोडणार नाही तिला!"

आठ. धुरपदा अंगणात पोचली तरी थांबली नाही. अंगण ओलांडून ती मोकळ्या खळ्यात पळाली, तिच्यामागे सगळ्या बायका.

नऊ. पाटलीणबाईंनी खळ्याच्या मधोमध तिची वेणी पकडली.

दहा.

मग धाकटी आली.

आधी आवाज आला, लांबून, कुणी मोठी जाती ओढत नेतंय तसा. मग जमीन डुलली. डावीकडे, उजवीकडे. बायका पडल्या. झाडं वाकून जमिनीला लागली. विहिरीत परत आलेलं पाणी काठावरून उडालं. भिंतींमधून दगड भाकरीसारखे निसटले, तुळया कलंडल्या, पण त्यांच्यावर माती नव्हती. पडलं ते धडपडत, बाजूला, माणसांना बाहेर पडायला वेळ देत. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, शेटिबाच्या पायावर मडकं पडलं.

फक्त एका जागी आठ हात माती सरळ खाली आली. धप्प. तिथली खोली होती आणि मग नव्हती. पांढरी धूळ वर चढली आणि बराच वेळ खाली उतरेचना.

धूळ बसली तेव्हा सगळ्या बायकांनी तिकडे पाहिलं. मोजायची गरज नव्हती, तरी मनातल्या मनात प्रत्येकीनं मोजलं, आत किती जणी होत्या ते.

पाटलीणबाईंच्या हातात अजून धुरपदाची पांढरी वेणी होती. त्यांनी ती सोडली. मग पुन्हा धरली, पण या वेळी आधाराला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "ती पाताळमाती... तसली काही नसतेच ना?"

"नसते," धुरपदा म्हणाली.

"तरीच म्हटलं, चिखलासारखा वास येतोय," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि मग जमिनीवर बसून रडल्या.

धाकटी जाता जाता दिवसभर मधून मधून लहान लहान धक्के देत राहिली. त्या हलत्या जमिनीवरच, खळ्यात, बाळाचं बारसं झालं. पाळणा नव्हता. पाटलीणबाईंनी स्वतःचा पदर पसरला, एक टोक त्यांनी धरलं आणि एक धुरपदानं. शेटिबा लंगडत आला आणि म्हणाला, भुई ठेवा नाव. भुईबाई ठेवलं.

मग सातथरीनं नवी घरं बांधली. भिंती बुटक्या, चारी कोपऱ्यांत लाकडाच्या पट्ट्या घालून घट्ट बांधलेल्या, आणि वर हलकं छप्पर. पाहुणे आजही सळई घेऊन येतात. आरपार गेली तरच सोयरीक. म्हातारी खाली पुन्हा दोन्ही हातांनी धरून बसलीये. जमीन पुन्हा हलली, पुढेही हलेल, पण सातथरीची माणसं उठून बाहेर येतात, खळ्यात बसतात, गप्पा मारतात आणि परत आत जाऊन झोपतात. अनसा सुखात राहिली, भुई मोठी झाली, दोघी विहिणी एकमेकींशी भांडत भांडत म्हाताऱ्या झाल्या आणि सगळ्यांचं बरं झालं.

आता बास. निमे, पाय आत घे. कोण म्हणालं टक्? मांजर आहे ते, ताटावर उडी मारली. मिटा डोळे. मिटलेत? मग मी दिवा घालवते.